आधी बारसं, मग ओळख: पहिल्या डायनासोरांना नावं कशी पडली

1677 साली ऑक्सफर्डच्या रॉबर्ट प्लॉट या विद्वानाने आपल्या परगण्यातल्या निसर्गावर एक जाडजूड पुस्तक छापलं. त्यात कॉर्नवेल गावच्या खाणीतून निघालेल्या एका दगडी हाडाचं चित्र आहे. मांडीच्या हाडाचा गुडघ्याकडचा तुकडा, घेर दोन फूट, वजन वीस पौंडांच्या आसपास. एवढं मोठं हाड कुणाचं? प्लॉटला आधी वाटलं हत्तीचं. रोमन सैन्याने ब्रिटनमध्ये हत्ती आणले असतील, त्यातलाच एखादा मेला असेल. पण 1676 मध्ये ऑक्सफर्डला एक जिवंत हत्ती लोकांना दाखवायला आणला होता. प्लॉटने त्याच्याशी ताडून पाहिलं आणि हाड काही जुळेना. मग त्याने निष्कर्ष काढला की हे एखाद्या राक्षसी माणसाचं असणार.

निष्कर्ष चुकला, पण पद्धत चुकली नव्हती. हाड कुणाचं हे ठरवायचं तर ओळखीच्या प्राण्याशी ताडून पाहायचं, हेच त्याने केलं. अडचण एवढीच की ज्या प्राण्याचं ते होतं तो कुणाच्याच ओळखीचा नव्हता. पुढची दोनशे वर्षं डायनासोरांची नावं याच अडचणीतून जन्माला आली. म्हणून ती नावं वाचताना एक ध्यानात ठेवावं: नावातून प्राणी कमी कळतो, नाव ठेवणाऱ्याच्या डोक्यात त्या वेळी काय होतं ते जास्त कळतं.

याचा सगळ्यात चावट नमुना प्लॉटच्याच हाडाच्या वाट्याला आला. 1763 मध्ये रिचर्ड ब्रुक्स नावाच्या लेखकाने ते चित्र आपल्या पुस्तकात पुन्हा छापलं. हाडाच्या टोकाला दोन गोल उंचवटे होते. त्यांचा आकार पाहून चित्राखाली लॅटिनमध्ये दोन शब्द टाकले: 'स्क्रोटम ह्युमॅनम'. म्हणजे माणसाचा अंडकोश.

हसून झालं की पेच लक्षात येतो. प्राण्यांना शास्त्रीय नाव देण्याचे नियम आहेत आणि त्यातला मोठा नियम असा की आधी छापलेलं नाव खरं. मग डायनासोराचं पहिलं अधिकृत नाव हेच म्हणायचं का?

नावाचा सातबारा

शास्त्रीय नावाचे दोन भाग असतात. पहिला भाग प्रजातीचा. तो आडनावासारखा, जवळच्या नात्यातल्या सगळ्यांना लागू होणारा. दुसरा भाग जातीचा, त्या एका घरातल्या माणसाच्या नावासारखा. 'टायरॅनोसॉरस रेक्स' मध्ये टायरॅनोसॉरस हे आडनाव, रेक्स हे नाव. आडनाव आधी, नाव मागून, आपल्याकडच्या शाळेच्या हजेरीपटासारखं. ही पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनियसने रूढ केली आणि प्राण्यांच्या नावांची अधिकृत मोजणी त्याच्या 1758 सालच्या आवृत्तीपासून सुरू होते. त्याआधीचं काहीही धरलं जात नाही. एडवर्ड लुइडने 1699 मध्येच ऑक्सफर्डजवळच्या एका दाताला 'रुटेलम' म्हटलं होतं आणि तो दात आज डायनासोराचा मानला जातो, पण तारीख आधीची म्हणून ते नाव बाद.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नाव हवेत तरंगत नसतं, ते एका ठरावीक नमुन्याला बांधलेलं असतं. कुठल्या तरी संग्रहालयातलं एक हाड, एक दात किंवा एक सांगाडा: हा मूळ नमुना. जमिनीचा सातबारा जसा एका गट क्रमांकाला चिकटलेला असतो तसं. पुढे कुणी म्हणालं की माझ्याकडचं हाडही त्याच प्राण्याचं आहे, तर त्याने ते मूळ नमुन्याशी जुळवून दाखवायचं. आणि मूळ नमुनाच इतका तुटपुंजा असेल की त्याच्याशी काहीही जुळवता येईल, तर ते नाव 'संशयास्पद' ठरतं. हे शेवटचं वाक्य लक्षात असू द्या, जबलपूरला गेल्यावर लागणार आहे.

'स्क्रोटम ह्युमॅनम' बद्दल विसाव्या शतकात खरोखर वाद झाला. 1970 मध्ये बेव्हर्ली हॉलस्टेड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मुद्दा काढला की हे 1758 नंतरचं आहे, दोन शब्दांचं आहे, मग अधिकृत का नाही? पण ते नाव म्हणून नव्हे, चित्राखालची ओळ म्हणून छापलेलं होतं, नंतर कुणी नाव म्हणून वापरलं नाही आणि ते हाडही केव्हाच हरवलंय. चित्रावरून ते मेगॅलोसॉरससारख्या एखाद्या मांसाहारी डायनासोराचं असावं असं मानतात, बस इतकंच. संग्रहालयांमधले पाटी रंगवणारे सुटले.

छपराच्या फरशीतून निघालेला जबडा

ऑक्सफर्डच्या वायव्येला स्टोन्सफील्ड नावाचं गाव आहे. तिथे जमिनीखालून एक खास दगड काढत. तो हिवाळ्यात उघड्यावर पसरून ठेवायचा. आतलं पाणी गोठलं की दगड आपोआप पातळ थरांत फुटायचा आणि त्या फरश्यांनी घरं शाकारायची. या खाणकामात अधूनमधून हाडं निघत. मजूर ती हौशी संग्राहकांना विकत. आरंभीचे बहुतेक डायनासोर शास्त्रज्ञांनी शोधले नाहीत, खाणीतल्या मजुरांनी शोधले. त्यांची नावं मात्र कुठे नोंदलेली नाहीत.

अशीच काही हाडं ऑक्सफर्डमधल्या विल्यम बकलँडकडे जमली. बकलँड पाद्री होता आणि भूगर्भशास्त्र शिकवायचा. हा मोठा विक्षिप्त माणूस. दिसेल तो प्राणी खाऊन पाहायचा छंद होता. त्याच्याकडे खालच्या जबड्याचा तुकडा होता, त्यात वाकडे, करवतीसारख्या धारेचे दात, शिवाय काही मणके, कंबरेची आणि पायाची हाडं. 1818 मध्ये पॅरिसचा जॉर्ज क्युव्हिए ऑक्सफर्डला आला तेव्हा त्याने ती पाहिली. हाडावरून प्राणी सांगण्यात त्या काळी क्युव्हिएसारखा दुसरा नव्हता. हे एका अजस्र सरपटणाऱ्या प्राण्याचं आहे, हे त्याच्या लक्षात आलं.

तरी बकलँड सहा वर्षं थांबला. मध्येच 1822 मध्ये जेम्स पार्किन्सनने एका पुस्तकात 'मेगॅलोसॉरस' हे नाव छापूनही टाकलं. हाच तो डॉक्टर, ज्याच्या नावाने कंपवाताला पार्किन्सनचा आजार म्हणतात. पण त्याने प्राण्याचं नीट वर्णन केलं नाही आणि वर्णनाशिवाय नाव म्हणजे दस्त न करता झालेला व्यवहार. शेवटी 20 फेब्रुवारी 1824 रोजी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत बकलँडने निबंध वाचला. हाडांची चित्रं मेरी मोरलँडने काढली होती. पुढच्या वर्षी ती बकलँडची बायको झाली. शास्त्रशुद्ध वर्णनासह नाव मिळालेला हा पहिला डायनासोर.

ग्रीकमध्ये 'मेगास' म्हणजे मोठा, 'सॉरॉस' म्हणजे सरडा. मेगॅलोसॉरस: मोठा सरडा. गंमत अशी की हा सरडा नाही याचा पुरावा त्याच जबड्यात होता आणि बकलँडने तो लिहूनही ठेवला. सरड्याचे दात साधारणपणे जबड्याच्या कडेला चिकटलेले असतात. इथे प्रत्येक दाताला मगरीसारखी स्वतंत्र खोबण होती. पण मनात बसलेली प्रतिमा सरड्याची, म्हणून नावही सरड्याचं. लांबीचा हिशोबही सरड्याच्या मापाने झाला आणि बकलँडने चाळीस फुटांच्या वरचा आकडा सांगितला. खरा प्राणी त्याहून बराच आखूड होता आणि दोन पायांवर चालत होता.

शिवाय बकलँडने फक्त आडनाव ठेवलं, जातीचं नाव ठेवलंच नाही. ते काम 1827 मध्ये गिडियन मँटेलने केलं: मेगॅलोसॉरस बकलँडी.

डॉक्टरसाहेब आणि त्रैराशिक

या सगळ्या मंडळींत माझा जीव मँटेलवर आहे. ससेक्समधल्या लुईस गावचा हा डॉक्टर. दिवसभर रोगी आणि बाळंतपणं, रात्री दगड फोडत बसायचा. गोष्ट अशी सांगतात की तो रोग्याला तपासत असताना त्याची बायको मेरी ॲन बाहेर फिरत होती आणि रस्त्याच्या कडेच्या खडीत तिला एक चमकदार दात दिसला. गोष्ट गोड आहे, पण मँटेलने स्वतःच उतारवयात दात आपणच शोधला असं लिहिलं, आणि कुकफील्डच्या खाणकामगारांकडून तो 1820 पासूनच हाडं घेत होता, असं त्याच्या नोंदींतून दिसतं.

दात कुणालाही सापडलेला असो, तो विचित्र होता. टोक घासून सपाट झालेलं, म्हणजे प्राणी चारा चावत असणार. पण आजचे सरपटणारे प्राणी घास चावत बसत नाहीत, बहुतेक सरळ गिळतात. लंडनच्या विद्वानांनी मान हलवली: एखाद्या माशाचा असेल, नाहीतर अलीकडच्या कुठल्या सस्तन प्राण्याचा. भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेलने 1823 मध्ये तो दात पॅरिसला नेऊन क्युव्हिएला दाखवला. क्युव्हिए म्हणाला, गेंड्याचा. खेडेगावच्या डॉक्टरने इथेच हात टेकले असते तर नवल नव्हतं. मँटेलने टेकले नाहीत. वर्षभरात क्युव्हिएने स्वतःच चूक मान्य केली आणि हा शाकाहारी सरपटणारा प्राणी असू शकेल असं कळवलं.

मग मँटेल लंडनला सर्जनांच्या संग्रहालयात गेला आणि खणामागून खण धुंडाळू लागला. तिथे काम करणाऱ्या सॅम्युएल स्टचबरीने त्याला इग्वानाचा सांगाडा दाखवला. इग्वाना म्हणजे अमेरिकेच्या उष्ण भागातला, पाला खाणारा मोठा सरडा. दाताची ठेवण तीच, फक्त मँटेलचा दात कितीतरी पटींनी मोठा.

मँटेलला 'इग्वानासॉरस' असं नाव सुचलं होतं. विल्यम कॉनिबेअर या पाद्री-भूगर्भशास्त्रज्ञाने त्याला सांगितलं की याचा अर्थ इग्वाना-सरडा होतो आणि ते तर खुद्द इग्वानालाच शोभेल. त्यापेक्षा 'इग्वानोडॉन' म्हण, म्हणजे इग्वानासारख्या दातांचा. 1825 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ते नाव छापून आलं. माझ्या मते त्या काळातलं हे सगळ्यात सावध नाव आहे. हातात दात होता, नावातही फक्त दातच ठेवला.

आकाराच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी टिकली नाही. मँटेलने सरळ त्रैराशिक मांडलं. इग्वानाचा दात एवढा तर शरीर एवढं. मग आपला दात इतक्या पट तर शरीर किती? उत्तर आलं साठ फूट. शाळेत मार्क मिळाले असते, पण निसर्गात त्रैराशिक असं चालत नाही. इग्वानाची शेपटी शरीराच्या मानाने फार लांब असते आणि वेगळ्या प्राण्यात दात, धड आणि शेपूट यांचं प्रमाण वेगळं असतं. खरा इग्वानोडॉन साधारण तीस फुटांच्या आसपासचा.

1834 मध्ये मेडस्टोनच्या खाणीत एकाच शिळेत बरीच हाडं मिळाली. मँटेलच्या मित्रांनी ती शिळा पंचवीस पौंडांना विकत घेऊन त्याला दिली. त्याच्याकडे एक टोकदार, शंकूसारखं हाडही होतं. इग्वानाच्या काही जातींच्या नाकावर लहान शिंगासारखा उंचवटा असतो, म्हणून मँटेलने ते हाड नाकावर बसवलं. नाव इग्वानाचं पडलं की नाकही इग्वानाचंच दिसू लागतं. 1878 मध्ये बेल्जियममधल्या बेर्निसार गावच्या कोळशाच्या खाणीत तीनशे मीटरहून खोल तीसहून अधिक इग्वानोडॉन सापडले, बरेचसे अखंड. तेव्हा कळलं की ते शिंग हाताच्या अंगठ्याचं आहे, आणि एकेका प्राण्याला दोन.

याच्यापुढचा किस्सा सातबाऱ्याचा. मँटेलचे मूळ दात इतक्या प्रकारच्या डायनासोरांशी जुळतात की त्यावरून नेमकी जात ठरवणं अशक्य झालं. तेव्हा 2000 साली प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने निर्णय दिला की इथून पुढे इग्वानोडॉन हे नाव बेर्निसारच्या सांगाड्यांना बांधलेलं धरावं. ज्या दातांवरून नाव पडलं, त्या दातांचा त्यावर आता हक्क नाही.

तिघांची पंगत

1832 मध्ये मँटेलने तिसरा प्राणी शोधला. खाणीत सुरुंग लावल्यावर दगडाचे पन्नास-एक तुकडे झाले होते, ते जोडल्यावर पाठीवर काटे असलेला एक प्राणी दिसू लागला. त्याचं नाव हायलिओसॉरस, म्हणजे रानातला सरडा.

आता रिचर्ड ओवेन येतो. शरीररचनेचा जाणकार, हुशार, महत्त्वाकांक्षी, आणि दुसऱ्याच्या कामाचं श्रेय देताना हात आखडता घेणारा. त्याने या तिघांच्या हाडांकडे नव्याने पाहिलं. तिघांच्याही कंबरेत मणके एकमेकांना घट्ट सांधलेले होते. सरड्यात असे दोनच मणके कंबरेला जोडलेले असतात, इथे पाच धरले. पायाची हाडं सांगत होती की पाय सरड्यासारखे बाजूला फाकलेले नव्हते, हत्तीसारखे शरीराखाली खांबासारखे उभे होते. म्हणजे हे नुसते वाढलेले सरडे नव्हेत, हे घराणंच वेगळं. ओवेनने त्याला नाव दिलं 'डायनोसॉरिया'. लांबीही सरड्याच्या मापाने न मोजता मणक्यांवरून मोजली, आणि इग्वानोडॉन एका फटक्यात अठ्ठावीस फुटांवर आला.

पुष्कळ ठिकाणी या शब्दाचा जन्म 1841 चा सांगतात, कारण ओवेनने प्लिमथला भाषण दिलं ते 30 जुलै 1841 रोजी. पण इतिहासकार ह्यू टॉरेन्सने त्या भाषणाचे तेव्हाचे वृत्तान्त तपासले, त्यात तो शब्द नाही. ओवेनने तो नंतर, छापताना घातला, आणि छापील प्रत आली एप्रिल 1842 मध्ये. तेव्हा जन्मसाल 1842 धरावं.

आणि अर्थ? 'भयंकर सरडा' असं आपण सर्रास वाचतो. ओवेनने मात्र 'डायनॉस' चा अर्थ 'भीती वाटावी इतका मोठा' असा दिला होता. यात इंग्रजी वाचकांची पंचाईत होते, आपली होत नाही. 'भयंकर मोठं घर आहे हो त्यांचं' असं म्हणताना कुणाला घराची भीती वाटत नसते. ओवेनचा 'डायनॉस' हा आपला हा 'भयंकर' आहे. 'सॉरॉस' तेवढा चुकलाच. सरडा नाही हे सिद्ध करून नावात पुन्हा सरडाच ठेवला.

पंगतही अर्धीच बसली. जर्मनीचा प्लेटिओसॉरस 1837 पासून नावासह हजर होता, ब्रिस्टलचा थेकोडोन्टोसॉरस 1836 पासून, आणि खुद्द ओवेननेच 1841 मध्ये सेटिओसॉरस हे नाव ठेवलं होतं. सेटिओसॉरस म्हणजे देवमासा-सरडा. ओवेनच्या मते तो समुद्रात पोहणारा, मगरीच्या जातीचा प्राणी. आज हे तिघंही डायनासोर आहेत. तेव्हा ते घरचे असून पंगतीबाहेर राहिले.

मँटेलला 1841 मध्येच घोडागाडीचा अपघात झाला, पाठीचा कणा कायमचा दुखावला आणि 1852 मध्ये अफूच्या जास्त मात्रेने तो गेला. दोन वर्षांनी लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसच्या बागेत डायनासोरांचे भव्य पुतळे उभे राहिले, ओवेनच्या सल्ल्याने. त्यातले इग्वानोडॉन आजही तिथे नाकावर अंगठा घेऊन उभे आहेत.

जबलपूर, मग वरोरा

हे सगळं इंग्लंडात चाललं असताना, म्हणजे मेगॅलोसॉरसला नाव मिळून चार वर्षं झाली होती आणि डायनासोर हा शब्द निघायला चौदा वर्षं अवकाश होता, तेव्हा 1828 मध्ये जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर एका कॅप्टनला काही मोठी दगडी हाडं मिळाली. विल्यम स्लीमन. ठगांचा बंदोबस्त करणारा तोच स्लीमन. आशियातला हा पहिल्या काही डायनासोर-शोधांपैकी एक, पण तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेपटीचे मणके डॉक्टर स्पिल्सबरीमार्फत कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे गेले. हाच प्रिन्सेप पुढे अशोकाची ब्राह्मी लिपी वाचणारा. लिपी त्याने वाचली. मणके वाचायला आणखी काही दशकं जावी लागली.

1877 मध्ये रिचर्ड लिडेकर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्यांना नाव दिलं: 'टायटॅनोसॉरस इंडिकस'. ग्रीक पुराणातले टायटन म्हणजे देवांच्याही आधीचे महाकाय. त्या मणक्यांची खूण अशी की पुढची बाजू वाटीसारखी खोलगट आणि मागची चेंडूसारखी फुगीर, एकाचा चेंडू मागच्याच्या वाटीत बसणारा. लिडेकरच्या वेळी अशी शेपटी दुसऱ्या कुठल्या महाकाय डायनासोराची माहीत नव्हती, म्हणून तेवढी खूण पुरेशी वाटली. पुढे अर्जेंटिनात, मादागास्करमध्ये, कुठे कुठे असे मणके मिळत गेले आणि सगळ्यांना टायटॅनोसॉरस म्हणण्याचा सपाटा सुरू झाला. शेवटी लक्षात आलं की ही खूण एका प्राण्याची नाही, अख्ख्या भावकीची आहे. 2003 मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी टायटॅनोसॉरस हे नाव संशयास्पद ठरवलं. भावकी आजही 'टायटॅनोसॉर' म्हणूनच ओळखली जाते. ज्याच्यावरून आडनाव आलं तो मूळपुरुष मात्र कागदावरून गेला. मूळ मणकेही दीर्घकाळ हरवलेले होते. 2012 मध्ये ते कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा ओळखले गेले. त्यात धनंजय मोहबे यांचा मोठा वाटा होता.

या निर्णयाचा धक्का चंद्रपूर जिल्ह्यालाही बसला. वरोऱ्याजवळ पिजदुरा आणि डोंगरगाव इथे अशा प्राण्यांची हाडं मिळतात. डोंगरगावला 1980 च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी एक सांगाडा काढला. आकडेवारीच्या संस्थेचा डायनासोरांशी काय संबंध, असं वाटेल. पण संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तिथे भूगर्भशास्त्राचा विभागही काढला होता. याच संस्थेने सिरोंच्याच्या बाजूला प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात एक जुना, मोठ्या पायांचा डायनासोर खणून काढला आणि 1975 मध्ये त्याला 'बारापासॉरस टागोरी' नाव दिलं. 'बडा पा', म्हणजे मोठा पाय, आणि पुढे रवींद्रनाथ. ग्रीक शेपटीला बंगाली डोकं लावलेलं हे नाव मला फार आवडतं.

डोंगरगावच्या सांगाड्याला 1997 मध्ये 'टायटॅनोसॉरस कोलबर्टी' नाव मिळालं, एडविन कोलबर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञावरून. सहा वर्षांनी टायटॅनोसॉरस बाद झाला तेव्हा हा प्राणी आडनावाशिवाय उरला. नियमाप्रमाणे जातीचं नाव कायम राहतं, आडनाव बदलता येतं. मग विल्सन आणि अपचर्च यांनी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून, आयएसआय वरून, नवं आडनाव केलं: 'इसिसॉरस कोलबर्टी'. संस्था आली, अमेरिकेचे कोलबर्टसाहेब आले, सरडा तर आलाच. ज्याच्या शिवारात तो साडेसहा कोटी वर्षांहून जास्त काळ पडून होता, ते डोंगरगाव तेवढं राहिलं.